शनिवारच्या विमानातली काकीची जागा

आमच्या बेटावरच्या व्हाकोआ गावात, इथल्या मराठी लोकांत, एक गोष्ट सांगतात. एका बाईची लेक विलायतेत बाळंतपणाला अडली होती आणि बाई इथे मुहूर्त बघत बसली. विमान गेलं, लेकही गेली. नव्या सुनांना ही गोष्ट सांगतात. मंडळाच्या सभेत सांगतात. पंचांग उघडणाऱ्या म्हाताऱ्यांना गप्प करायला सांगतात. ती बाई आता या जगात नाही. मी तिला काकी म्हणायचो, नात्याने नव्हे, शेजाराने. त्या गोष्टीत मुहूर्त आहे, विमान आहे, लेक आहे. मी कुठेच नाही. म्हणून हे लिहायला बसलो आहे.

माझी नोकरी पोर्ट लुईसला, एका विमान कंपनीच्या कचेरीत, तिकिटांच्या काउंटरवर. कंपनी स्वस्तातली. मोठ्या कंपन्यांचं भाडं ज्यांना झेपत नसे ते आमच्याकडे यायचे: विलायतेत नर्सिंगला गेलेल्या मुलींचे आईबाप, मुंबईला शिकणाऱ्या मुलांचे भाऊ, तीर्थाला निघालेल्या म्हाताऱ्या. लंडनचं विमान आठवड्यातून एकदा, शनिवारी. आत खायला जे मिळे ते कुणाच्या घशाखाली उतरत नसे, म्हणून लोक घरून डाळ भरलेली धालपुरी बांधून न्यायचे आणि सगळ्या विमानाला वास सुटायचा.

सत्तरच्या दशकात आमचं काम अगदी साधं होतं. काउंटरमागच्या भिंतीवर खाचा पाडलेली लाकडी फळी होती आणि प्रत्येक खाचेत एकेका विमानाचं जाड कार्ड. कार्डावर नावं पेन्सिलीने लिहायची. पेन्सिलीने अशासाठी, की माणसाचं मन बदलतं, आजारपण येतं, लग्न ठरतं. खोडायचं आणि दुसरं लिहायचं.

आमच्या समाजातली माणसं मात्र काउंटरवर क्वचितच यायची. ती रविवारी घरी यायची.

"अरे, आमच्या म्हातारीचं नाव घाल."

"कुठल्या शनिवारी, काका?"

"तिकडं पाऊस कमी असंल तवा घाल."

"लंडनात पाऊस कमी कधीच नसतो."

"मग कवापण घाल. व्हाकोआचीच हाय ती, तिला काय पावसाचं."

बायको आत चहा टाकायची आणि काका पुढचा तासभर उठायचे नाहीत. सोमवारी मी कचेरीत जाऊन म्हातारीचं नाव कार्डावर लिहायचो. तिकीट आदल्या दिवशी, शुक्रवारी न्यायचं, ही रीतच पडून गेली होती. माझा शब्द म्हणजे जागा. मला त्याचा अभिमान होता, आणि आज मागे वळून पाहताना वाटतं की सगळं त्या अभिमानापासूनच सुरू झालं.

आणखी एक रीत होती, ती सांगायलाच हवी. आमच्याकडे लांबच्या प्रवासाला चांगली वेळ पाहून निघायचं असतं. पण विमान काही पंचांग बघून उडत नाही. म्हणून प्रस्थान ठेवायचं. जुनी माणसं त्याला पस्तान म्हणतात. जी वेळ चांगली असेल त्या वेळी, मग तो सोमवार असो की बुधवार, प्रवासाला नेण्यातलं एक लुगडं, मूठभर तांदूळ, सुपारी आणि हळकुंड असं एका फडक्यात बांधायचं आणि जायच्या दिशेला कुणाच्या तरी घरी नेऊन ठेवायचं. ते ठेवलं की माणूस निघालं, असं धरायचं. मग विमान केव्हाही असो. विमानतळ दक्षिणेला, प्लेझान्सला. शेजारच्या क्वात्र बॉर्न गावाहून निघालेल्यांना आमचं घर वाटेवर, आणि व्हाकोआतल्यांना गल्लीच्या दक्षिणेच्या टोकाला. शिवाय मी विमानवाला. त्यामुळे गावातली बहुतेक प्रस्थानं आमच्या देवाजवळच्या फळीवर यायची. गाठोडं घरात आलं की मी दुसऱ्या दिवशी नाव कार्डावर लिहायचो. गाठोडं ठेवून कुणी आलं नाही, असं कधी झालं नाही.

ऐंशीनंतर मशीन आली.

कंपनीच्या मुख्य कचेरीने जागा राखायची सगळी पद्धतच नव्याने घडवली. आम्हाला मोका गावातल्या एका इमारतीत नेऊन शिकवलं. काळा पडदा, त्यावर हिरवी अक्षरं. मला ते भराभर जमलं. परत आलो तर भिंतीवरची फळी काढून टाकलेली, तिच्या जागी भिंत पांढरी दिसत होती. कार्डं पोत्यात भरून नेली. साहेबांनी मला काउंटरचा मुख्य केलं आणि मधली खुर्ची दिली.

आणि मग लोकांचे हाल सुरू झाले. आधी माणूस यायचा, नाव सांगायचा, जायचा. आता नंबर घ्या, बसा. पासपोर्टावर आहे तेच नाव सांगा. जन्मतारीख सांगा.

"जन्मतारीख?" एक म्हातारी म्हणाली. "मोठं वादळ आलं न्हवं, त्याच्या आदल्या उसाच्या तोडणीला."

"तारीख लागते, आजी."

"तुला लागती का तिला?"

"मशीनला."

"तिला सांग, वादळ. समजंल तिला."

तिला समजत नसे. मध्येच पडदा थिजायचा आणि माणसं तासन्तास बाकावर. लंडनच्या बाजूने तार तुटली, असं आम्ही सांगायचो. एक कपड्यांचा व्यापारी, क्वात्र बॉर्नच्या बाजारात बसणारा, काउंटरवर दोन्ही कोपर टेकून मला म्हणाला, "पूर्वी तुला सांगितलं की झालं. आता मी तुला सांगायचं, तू तिला, ती तुला विचारणार, तू मला. तुमच्या दोघांच्या संसारात मी कशाला?" मागे रांगेत हसू पिकलं. कुणीतरी क्रेओलमध्ये म्हणालं, "माशीन पा कोने." मशीनला ठाऊक नाही. मग ते वाक्य रांगेत रोज ऐकू यायला लागलं. काही विचारलं, की एक जण म्हणायचा आणि बाकीचे माना डोलवायचे.

सगळ्यांत वाईट म्हणजे मुदत. मशीनमध्ये नाव घातलं की ती एक मुदत द्यायची. त्या वेळेपर्यंत तिकीट फाडलं नाही, तर नाव आपोआप पुसलं जायचं आणि वाट पाहणाऱ्यांतला पहिला त्या जागी बसायचा. शुक्रवारी तिकीट न्यायची सवय असलेली माणसं शुक्रवारी यायची आणि नाव गेलेलं असायचं. क्वात्र बॉर्नचे एक निवृत्त मास्तर होते, ज्यांच्याकडे मी लहानपणी बैठकेत, म्हणजे गावातल्या संध्याकाळच्या शाळेत, मराठी शिकलो. त्यांचंही असंच झालं.

"काल होतं ना माझं नाव?"

"होतं, मास्तर."

"मग रातोरात मी मेलो काय?"

"तसं नाही. तुमची मुदत संपली."

"तेच म्हणतोय मी."

साहेबांनी आम्हाला बजावलं होतं की मशीन चुकली असं ग्राहकाला कधी म्हणायचं नाही. आणि तोंडी जागा धरून ठेवायची नाही. जो धरेल तो घरी जाईल. एक जण गेलाही होता. मी लोकांना ठासून सांगायचो, मशीन चुकत नाही, तुम्हीच उशिरा येता. पण आमच्या समाजातली माणसं घरी आली की मला तसं सांगता येत नसे. ज्याचा शब्द म्हणजे जागा, त्याने कसं म्हणायचं की आता माझ्या शब्दाला काही किंमत नाही? म्हणून मी एक चोरवाट काढली. मुदत संपायच्या आत नाव पुन्हा उघडून काहीतरी बारीकसारीक बदललं, की मशीन नवी मुदत द्यायची. असं करत करत मी घरच्या माणसांच्या जागा शुक्रवारपर्यंत ओढून न्यायचो. कुणाला कळलं नाही. सगळे म्हणायचे, बाकीच्यांची नावं जातात, याच्याकडं घातलेली जात नाहीत.

काकी आमच्या शेजारच्या घरात राहायची. नवरा लवकर गेलेला. ती लहान मुलांचे कपडे शिवायची आणि क्वात्र बॉर्नच्या बाजारात विकायला द्यायची. एकुलती एक लेक नर्स होऊन विलायतेला गेली आणि तिथेच एका गोऱ्याशी लग्न केलं. काकीने ते गिळलं. मग लेकीला दिवस गेल्याचं कळलं. पहिलं बाळंतपण आईनं करायचं. लेक येऊ शकत नाही तर आई जाईल, एवढं सरळ होतं. बेत आरामात ठरत होता. पण कोपऱ्यावरच्या चिनी दुकानात लेकीचा फोन आला. रक्तदाब वाढलाय, अंगावर सूज आहे, डॉक्टर बाळंतपण लवकर करायचं म्हणतात. आई, या शनिवारी ये.

काकी त्याच संध्याकाळी आमच्याकडे आली. सोबत तिचा दीर होता. तिच्या हातात गाठोडं.

"भटजी म्हणाले, आजची येळ चांगली. म्हणून आत्ताच आणलं. नाव घाल बाबा."

बायकोने गाठोडं घेऊन फळीवर ठेवलं.

"लेकरू घाबरलंय," काकी म्हणाली. "मला कधी घाबरलेली दिसली न्हवती ती. जागा मिळंल नव्हं?"

शाळांच्या सुट्ट्या होत्या, विमान जवळजवळ भरलेलं. मला ठाऊक होतं की एकच जागा आहे. मला हेही ठाऊक होतं की काय सांगायला हवं: काकी, उद्या सकाळी स्वतः कचेरीत ये आणि तिकीट घे. दीर बाहेर ओट्यावरच थांबला होता, त्याने आणलं असतं. मी म्हणालो, "तू निर्धास्त राहा. शुक्रवारी तिकीट न्यायला ये."

"त्या माशीनचं काय काय ऐकते मी."

"मशीन माझ्या हातात आहे, काकी."

हे वाक्य माझं आहे. ते मी घरात, चहाचा कप हातात धरून म्हणालो.

दुसऱ्या दिवशी, सोमवारी, मी तिचं नाव घातलं. मशीनने मंगळवार दुपारची मुदत दिली. मंगळवारी सकाळी पडदा थिजलेला होता आणि बाहेर फुटपाथपर्यंत माणसं. चालू झाला तेव्हा रांगेत पुढे तेच मास्तर होते. त्यांचं नाव दुसऱ्यांदा पुसलं गेलं होतं. ते आवाज चढवून बोलत नव्हते, पण रांगेतला प्रत्येक जण ऐकत होता. "तुला मी अक्षर शिकवलं," ते म्हणाले. "तेव्हा पाटीवरचं अक्षर तू स्वतः पुसल्याशिवाय जात नव्हतं." लोक हसले. मला ते लागलं. मी मशीनची बाजू घेऊन बोलायला लागलो. नियम काय, मुदत कशी मोजतात, जगभर कसं चालतं, ही पद्धत कशी माणसासारखी विसरत नाही, हे सगळं मी त्यांना आणि रांगेला समजावलं. चांगलं बोललो. साहेब मागे उभे राहून ऐकत होते आणि त्यांनी मान हलवली, तेव्हा मला बरं वाटलं.

काकीचं नाव उघडलं तेव्हा दुपार उलटून गेली होती. त्या जागी दुसरंच कुणीतरी होतं.

मी तिला वाट पाहणाऱ्यांत घातलं. बुधवारी पाहिलं, गुरुवारी पाहिलं. कुणी रद्द केलं नाही. दोन्ही संध्याकाळी मी तिच्या दारावरून घरी गेलो. ती ओट्यावर बसून बाळाची दुपटी शिवत होती. "सगळं ठीक ना?" तिने विचारलं. मी मान हलवली. एकदा तरी खरं बोललो असतो तर दीराने धावपळ करून दुसऱ्या कंपनीत, मोठ्या भाड्याने का होईना, काही पाहिलं असतं. वेळ होता. ही गोष्ट मी आयुष्यभर मनात उलटसुलट केली आहे, आणि इथे येऊन अडकते: नाव गेलं तो अपघात म्हणता येईल, पण ते दोन दिवस अपघात नव्हते.

शुक्रवारी ती दीराबरोबर काउंटरवर आली. चांगलं लुगडं नेसून. मी पडद्याकडे पाहिलं, जणू पहिल्यांदाच पाहत होतो. साहेब माझ्या खुर्चीमागे उभे.

"काकी, तिकीट मंगळवारपर्यंत घ्यायचं होतं."

हे वाक्य खरं होतं. त्यातला एकही शब्द खोटा नाही.

"म्हंजे?" दीर म्हणाला.

"मुदत संपली. नाव गेलं."

दीर तिच्याकडे वळला. मी शुक्रवारी ये म्हणालो ते त्याने ऐकलं नव्हतं, आणि त्याला कुणावर तरी रागवायचं होतं. "आन् करा भटजी, आन् बघा येळा. कधी निघायचं ते पंचांगाला विचारा. म्हणून आधी न्हाय आलीस न्हवं?" रांगेतल्या दोघीतिघी आमच्याच समाजातल्या होत्या. त्या ऐकत होत्या. गोष्ट तिथेच, त्या काउंटरवर जन्माला आली.

काकीने माझ्याकडे पाहिलं. तू शुक्रवारी ये म्हणाला होतास, एवढं ती म्हणू शकली असती. माझ्यामागे उभा असलेला साहेबही तिने पाहिला. मग म्हणाली, "चुकलं माझं. पुढल्या शनवारची दे."

पुढच्या बुधवारी चिनी दुकानात पुन्हा फोन आला. मुलगी झाली होती. आई वाचली नव्हती.

काकी शनिवारच्या विमानाने गेली. लेकीला माती देताना तरी पोचली. काही आठवडे तिथे राहिली आणि परत आली तेव्हा उन्हात वाळत घातलेल्या कापडासारखी हलकी दिसत होती. जावयाच्या कानावर सगळं गेलं होतं. दीराने फोनवर तेच सांगितलं होतं, मुहूर्ताचं. जावई तिच्याशी धड बोलला नाही. नात त्याच्या आईकडे होती. काकीला तिला मांडीवर घ्यायला दिलं, तेही दुसरं कुणी समोर असताना.

एका दुपारी ती माझ्याकडे आली. "माझं एक काम कर. तू कंपनीचा माणूस, इंग्रजी बोलतोस. जावयाला सांग, तिकिटाचं कसं झालं ते. मी बसून न्हवते राहिले, एवढंच सांग. त्याला पटलं तर पोरीला एकदा घेऊन यील."

तिने मला दोष दिला नाही. मी काय सांगावं हेही शिकवलं नाही. मी तिला कचेरीत बोलावलं. साहेब जेवायला गेले होते. लंडनचा फोन लावला. ती ग्राहकांच्या खुर्चीवर बसली, मांडीवर पर्स घट्ट धरून.

जावयाने शांतपणे ऐकून घेतलं. मी नियम सांगितला, मुदत सांगितली, सुट्ट्यांची गर्दी सांगितली. मग त्याने विचारलं, "तिकीट मंगळवारपर्यंत घ्यायचं आहे, हे तिला माहीत होतं का?"

नाही म्हटलं असतं, तर पुढचा प्रश्न आला असता: का नव्हतं? तो माणूस कंपनीला लिहिणार, हे त्याच्या आवाजात होतं. घरी लहान मूल होतं, बायकोला पुन्हा दिवस होते. ही कारणं मी नंतर जमवली. त्या क्षणी मला फक्त खुर्ची दिसत होती, जिच्यावर मी बसलो होतो.

"येस," मी म्हणालो.

काकीला इंग्रजी येत नव्हतं. पण विलायतेला जाऊन आली होती, येस आणि नो तिला कळत होतं. तिची नजर माझ्या चेहऱ्यावर होती, ती खाली गेली.

"मग बोलण्यासारखं काही उरत नाही," जावई म्हणाला.

"काय म्हनला?" तिने विचारलं.

"बघतो म्हणाला."

"बरं."

घरी जाताना बस एकच होती. ती माझ्या शेजारी बसली नाही. जागा होती.

त्यानंतर तिने कुणालाही काही सांगितलं नाही. कुणी विचारलं तर म्हणायची, माझंच चुकलं. आमच्या धाकटीच्या बारशाला तिने कुंची शिवून आणली, टोकाला गोंडा लावलेली. दरवर्षी ती एक झगा शिवायची, आदल्या वर्षीपेक्षा अंदाजाने मोठा. वर्षभर ठेवायची आणि मग बाजारात विकायला पाठवायची.

मंडळाच्या एका सभेत एका वक्त्याने ही गोष्ट सांगितली, नाव न घेता, अंधश्रद्धेवर बोलताना. काकी मागे बायकांत बसली होती. मी मंचावर होतो. सगळ्यांबरोबर मीही टाळ्या वाजवल्या.

प्रस्थान म्हणजे काय हे ज्याला ठाऊक आहे, त्याला तरी ही गोष्ट ऐकताना शंका यायला हवी होती. मुहूर्तासाठी माणूस अडून राहू नये म्हणूनच तर ते ठेवतात. काकीचा मुहूर्त त्याच संध्याकाळी झाला होता. ती शनिवारी, रविवारी, केव्हाही जायला मोकळी होती. पण त्या रीतीची आठवण राहिलेली माणसं कमी होत गेली, आणि ज्याच्या घरात ते गाठोडं होतं तो गप्प होता.

काकी गेली त्याला आता बरीच वर्षं झाली. माझी बायकोही गेली. मागच्या महिन्यात दीराच्या मुलाकडून मी त्या नातीचा नंबर मिळवला. ती आता चाळिशीची आहे. मी इंग्रजीत सगळं सांगितलं, वर लिहिलंय त्याच क्रमाने. ती मध्ये एकदाच बोलली: आजी काय काम करायची, असं तिने विचारलं. लहान मुलांचे कपडे शिवायची, मी म्हणालो. झग्यांचंही सांगितलं.

 ती म्हणाली, वडिलांना सांगेन, पण ते आता थकलेत, किती कळेल ठाऊक नाही. आणि मग विचारलं, "ती जिवंत असताना तुम्ही का नाही सांगितलं?"

"मला नोकरी टिकवायची होती," मी म्हणालो. "आणि नंतर नाव."

मी आणखी काही बोलेन म्हणून ती थांबली.  मग तिने फोन ठेवला.